टेन्स्टा-रिंकेबीतलं भाड्याचं घर: फ्लॅट उत्तम, करार तपासून घ्या

स्टॉकहोमच्या वायव्येला, मेट्रोच्या निळ्या मार्गावर, रिंकेबी आणि टेन्स्टा ही उपनगरं एकमेकांना लागून आहेत. गोव्यातून किस्ता या उपनगरातल्या कंपन्यांत नोकरीला किंवा तिथल्या स्टॉकहोम विद्यापीठाच्या संगणक विभागात शिकायला जाणाऱ्यांना खोली शोधताना ही नावं हटकून दिसतात. किस्ता तिथून जवळ, आणि भाडं शहराच्या मध्यापेक्षा कमी. पण नाव इंटरनेटवर शोधलं की गोळीबाराच्या बातम्या वर येतात, आणि फोंड्याला-म्हापशाला बसलेले आईवडील 'तिथे नको' म्हणतात. या परीक्षणाचा विषय तिथला नेहमीचा फ्लॅट आहे: १९६६ ते १९७२ च्या आसपास बांधलेला, काँक्रीटचा, दोन किंवा तीन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेला.

मत आधीच सांगतो. घर म्हणून हा फ्लॅट पणजी-पोर्वरीत आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक टू बीएचकेपेक्षा जास्त विचार करून आखलेला आहे. गडबड होते ती दोन ठिकाणी, हवा खेळती न ठेवल्यामुळे आणि कच्च्या करारामुळे. दोन्ही टाळता येतात.

आधी ही घरं आली कुठून ते पाहू, कारण फ्लॅटचे गुण आणि वस्तीचे दोष दोन्ही तिथूनच आले. टेन्स्टा आणि रिंकेबी ज्या यार्वा मैदानावर उभी आहेत, ते १९०५ पासून लष्कराच्या सरावाचं मैदान होतं. दुसऱ्या महायुद्धात स्वीडन उतरला नाही, त्याचे कारखाने शाबूत राहिले आणि युद्धानंतर ते जोरात चालले. गावाकडची माणसं शहरात आली, कामगार बाहेरूनही आले, पण राहायला जागा नव्हती. साठच्या दशकात स्टॉकहोमच्या घरांच्या रांगेत लाखाच्या वर नावं होती. जुन्या चाळवजा इमारतींत एकेका खोलीत कुटुंबं राहत. १९६५ मध्ये संसदेने ठरवलं की दहा वर्षांत दहा लाख घरं बांधायची, वर्षाला एक लाख. तेव्हा देशाची लोकसंख्या ऐंशी लाखांच्या आत होती. १९७४ पर्यंत तो आकडा गाठलाही. त्यातली सुमारे एक तृतीयांश तर सुटी, बैठी घरं होती; पण लोकांच्या डोळ्यांसमोर येतात ते टेन्स्टासारखे काँक्रीटचे ठोकळेच.

ठोकळे सरळ रांगेत का, याला कारण आहे. भिंती आणि स्लॅब कारखान्यात ओतून आणायचे आणि जागेवर क्रेनने जोडायचे, अशी पद्धत होती. क्रेन रुळांवरून सरकत असे. रूळ सरळ टाकले की इमारतही सरळ, आणि त्याच रुळांवरून समोरासमोरच्या दोन इमारती उभ्या करता येत. सरकारी कर्ज मोठ्या प्रकल्पांना सहज मिळे, म्हणून एकाच साच्यातली शेकडो घरं एकदम उभी राहिली. मात्र कर्ज हवं तर घर नियमात बसलं पाहिजे, अशी अट होती. स्वयंपाकघराला खिडकी, जेवणाच्या टेबलाला जागा, पलंग लावल्यावर फिरायला वाट, कपाटांची ठरलेली लांबी हे सगळं लिहून ठेवलेलं होतं. म्हणून बाहेरून रुक्ष दिसणाऱ्या इमारतीत आत शिरल्यावर एकही कोपरा वाया गेलेला दिसत नाही.

चूक झाली ती क्रमात. टेन्स्टात पहिली कुटुंबं १९६७ च्या सुमारास राहायला आली, आणि मेट्रो पोचली १९७५ मध्ये. मधली वर्षं बसवर, अर्धवट रस्त्यांवर आणि चिखलातून गेली. दुकानं, सोयी सगळं मागून आलं. वर्तमानपत्रांनी तेव्हाच या उपनगरांवर 'काँक्रीटचं वाळवंट' असा शिक्का मारला. तेव्हाचे रहिवासी बहुतांश स्वीडिशच होते, हे लक्षात ठेवायला हवं. सत्तरीच्या सुरुवातीला अर्थव्यवस्था मंदावली, स्वतःचं छोटं घर घेणं सोपं झालं, आणि ज्यांना शक्य होतं ते निघून गेले. फ्लॅट रिकामे पडले. शहरातल्या जुन्या घरांसाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागे. जो कालच देशात आला, त्याला रिकामी जागा मिळे ती इथेच. आधी फिनलंड, ग्रीस, युगोस्लाव्हिया, तुर्कस्तानचे कामगार आले. १९७३ च्या लष्करी उठावानंतर चिलीचे लोक, मग कुर्द, इराणी, इराकी, नव्वदीनंतर मोठ्या संख्येने सोमाली. परदेशी लोकांसाठी म्हणून ही वस्ती कुणी बांधली नव्हती. घरांच्या रांगेने ती तशी घडवली.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल तर टेन्स्टात शहर संग्रहालयाने एक फ्लॅट १९६९ साली होता तसा जपून ठेवला आहे. पत्ता केंपिंगेबाकेन १३. आत मार्गदर्शकासोबत आणि ठरलेल्या वेळीच जाता येतं, तेव्हा संग्रहालयाच्या संकेतस्थळावर वेळ पाहून जा. भाड्याचं घर ठरवण्याआधी हा फ्लॅट पाहावा असा आमचा आग्रह आहे. मूळ आखणी कशी होती ते कळतं आणि तुम्हाला दाखवल्या जाणाऱ्या घरात कुठली भिंत नंतर घातली आहे ते लगेच ओळखता येतं. हॉलच्या दोन खोल्या करून दोघांना भाड्याने देण्याचे प्रकार तिथे होतात, आणि त्यातल्या एका खोलीत ताजी हवा येण्याची वाटच राहत नाही.

जाहिरातीतला खोल्यांचा आकडा हॉल धरून असतो. 'तीन खोल्या आणि स्वयंपाकघर' म्हणजे आपला टू बीएचके, साधारण ७५ चौरस मीटर, आणि हे खरंखुरं आतलं क्षेत्रफळ असतं, सुपर बिल्टअप नव्हे.

आता स्वयंपाकघर. गोवेकराच्या दृष्टीने खरी परीक्षा इथेच. शेगडी विजेची, ६० सेंटिमीटर रुंद, खाली ओव्हन. जुन्या ओतीव तव्यांच्या शेगडीवर आच पटकन कमी होत नाही. फोडणीत मोहरी तडतडली की भांडं उचलून बाजूला ठेवावं लागतं, नुसतं बटण फिरवून लसूण करपायचा थांबत नाही. मिक्सर आपलाच न्यावा: वीज तिथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फक्त अडॅप्टर अर्थिंगचा हवा, कडेला पितळी पट्ट्या असलेला. आणि मिक्सर स्वयंपाकघरातच लावावा. १९९४ पर्यंत स्वीडनमध्ये हॉल आणि झोपण्याच्या खोल्यांत अर्थिंग नसलेले सॉकेट चालत असत. या इमारतींत ते अजून सापडतात. रात्री १० ते सकाळी ७ शांतता पाळायची असते. काँक्रीटमधून बोलणं ऐकू जात नाही, पण ओट्यावरच्या मिक्सरची थरथर आणि खलबत्ता खालच्या घरात सरळ पोचतो. वाटण संध्याकाळीच करून ठेवा.

यापेक्षा महत्त्वाची आहे हवा. या फ्लॅटची रचना अशी: छतावर एक मोठा पंखा असतो, तो सगळ्या घरांच्या स्वयंपाकघरातून आणि न्हाणीघरातून सामायिक नळीने हवा ओढतो. ताजी हवा खिडकीच्या वर किंवा खोली तापवणाऱ्या रेडिएटरमागे ठेवलेल्या फटींतून आत येते. म्हणजे झोपायच्या खोलीतून हवा शिरते आणि स्वयंपाकघरातून जाते. ही साखळी एका ठिकाणी तुटली की सगळं बिघडतं, आणि भारतीय भाडेकरू ती नेमकी दोन ठिकाणी तोडतात.

पहिलं, जानेवारीत फटीतून गार वारा लागतो म्हणून तिथे चिकटपट्टी लावली जाते. मग छतावरच्या पंख्याला हवा हवी असते ती तो दरवाज्यातल्या पत्रांच्या फटीतून, जिन्यातून ओढतो. शेजाऱ्याच्या सिगारेटचा वास तुमच्या घरात येतो, आणि तुमच्या घरातला ओलावा मात्र बाहेर जात नाही. दुसरं, माशाच्या हुमणाचा वास राहतो म्हणून मोटरवाली चिमणी आणून तिची नळी त्या सामायिक नळीला जोडली जाते. बहुतेक इमारतींत याला मनाई आहे. मोटर हवा ढकलते, छतावरचा पंखा तेवढी ओढू शकत नाही, आणि तुमच्या तळलेल्या मासळीचा वास वरच्या बाळंतिणीच्या खोलीत निघतो. घ्यायचीच तर कोळशाच्या गाळणीची चिमणी घ्या. ती हवा गाळून परत खोलीतच सोडते, नळी लागत नाही. फोडण्या-तळण रोजचं असेल तर त्या गाळण्या पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीच्या आधीच बदलाव्या लागतात.

घर पाहायला जाल तेव्हा एक चाचणी नक्की करा. टॉयलेट पेपरचा एक पदर स्वयंपाकघरातल्या आणि न्हाणीघरातल्या गोल पांढऱ्या झडपेला लावा. कागद चिकटून राहिला तर ओढ आहे. पडला तर एक खिडकी किंचित उघडून पुन्हा लावा. आता चिकटला तर फटी बंद आहेत, तरीही पडला तर नळी किंवा पंख्यात दोष आहे आणि दुरुस्ती घरमालकाने करायची. झडप तेलाने माखलेली असते, ती पुसावी, पण मधली चकती फिरवू नये. तिच्यातलं अंतर मोजून ठेवलेलं असतं. तुमच्याकडे जास्त उघडलं तर दुसऱ्या घराची ओढ कमी होते.

बुरशीचं कारणही इथेच आहे. आपल्याकडे पावसात भिंत बाहेरून भिजते. तिथे थंडीत ओल आतून येते: अंघोळ, भात, वाळत घातलेले कपडे, झोपलेल्या माणसांचा श्वास. मशीनमधून काढलेले एका फेरीचे कपडे खोलीत वाळवले तर दोनेक लिटर पाणी हवेत जातं. ते बाहेरच्या थंड भिंतीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे जमतं, तिथे काळे ठिपके येतात. उपाय साधे आहेत. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच सेंटिमीटर पुढे ठेवा, रेडिएटरवर पडदा किंवा सोफा येऊ देऊ नका, खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा दोनदा पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडा. आणि दोन खोल्यांत पाच जण राहू नका. पैसे वाचतात, पण ही हवा एका कुटुंबासाठी मोजलेली आहे. बुरशी आली की दोष तुमच्या राहणीला दिला जातो आणि अनामत अडकते.

न्हाणीघरात जमिनीपासून भिंतीपर्यंत प्लास्टिकचा अखंड थर असतो आणि खाली मोरी. बादली-तांब्याने अंघोळ केली तरी काही बिघडत नाही. मात्र भिंतीला एक खिळाही ठोकू नका, तो थर फुटला की पाणी काँक्रीटमध्ये आणि मग खालच्या घरात जातं, नुकसान तुमच्या अंगावर येतं. चिकटणारे हुक लावा. मोरीतून वास आला तर बहुधा टबाखालचा, वास अडवणारा पाण्याचा सापळा कोरडा पडलेला असतो किंवा केसांनी भरलेला. घरविमा पहिल्या दिवसापासून काढा. खोली भाड्याने घेतली असली तरी.

या वयाच्या इमारतीबद्दल तीन प्रश्न विचारायचेच. पाण्या-सांडपाण्याचे उभे पाइप बदलले का? त्यांचं आयुष्य चाळीस-पन्नास वर्षं धरतात, म्हणजे न बदललेल्या इमारतीत काम कधीही निघू शकतं. ते निघालं की न्हाणीघर कित्येक आठवडे बंद राहतं, अंघोळ अंगणात उभ्या केलेल्या तात्पुरत्या न्हाणीघरात, आणि काम संपल्यावर भाडं वाढतं. स्वीडिशमध्ये या कामाला 'स्तामब्यूते' म्हणतात, जाहिरातीत शोधा. दुसरा प्रश्न रेडॉनचा. १९७५ पर्यंत निळसर रंगाचं एक हलकं काँक्रीट वापरात होतं, त्यातून हा किरणोत्सारी वायू निघतो. मर्यादा घनमीटरला २०० बेक्वेरेल. मोजणीचा आकडा मालकाकडे मागता येतो. इथेही बंद फटींमुळे प्रमाण वाढतं. तिसरा प्रश्न बाहेरच्या काँक्रीटच्या सांध्यांचा. १९५६ ते १९७३ दरम्यानच्या सांध्यांच्या भरावात पीसीबी हे विषारी रसायन असे. ते शोधून काढणं मालकांना बंधनकारक केलं गेलं. तुम्हाला रोज त्याचा स्पर्श होत नाही, पण बाल्कनीतल्या जुन्या रबरासारख्या सांध्याला खरवडू नका.

ऊब भाड्यात धरलेली असते. सगळ्या परिसरासाठी एका ठिकाणी पाणी गरम करून ते पाइपांतून घरोघर येतं, तेव्हा उणे पंधरातही आत वीस-एकवीस अंश असतात. विजेचं बिल वेगळं.

धुणं इमारतीच्या सामायिक धुलाईघरात. तीन-चार तासांची वेळ वेळापत्रकाच्या फळीवर आपलं कुलूप लावून किंवा यंत्रावर राखायची, साबण आपला न्यायचा. वेळ सुरू होऊन साधारण अर्धा तास कुणी आलं नाही तर दुसरा ती घेऊ शकतो. नियम दारावर लिहिलेला असतो. ड्रायरमधल्या कपड्यांच्या तुसांची जाळी काढून साफ करून जाणं ही तिथली सर्वांत कडक शिस्त आहे. वाळवायची खोली तिथेच असते, ती वापरलीत तर वर सांगितलेली निम्मी बुरशी होतच नाही.

दाराबाहेर जे मिळतं त्याला आमच्याकडून पूर्ण गुण. रिंकेबीच्या चौकात भाजी-फळांचे ठेले लागतात, भोवती सोमाली, अरब, तुर्की दुकानं. कोथिंबीर, पुदिना, मेथी इथे सुपरमार्केटसारखी चार काड्यांच्या डबीत मिळत नाही, जुडीने मिळते. डाळी, मोठ्या गोणीतला तांदूळ, हलाल बकऱ्याचं मांस, गोठवलेली मासळी हे सगळं शहराच्या मध्यापेक्षा स्वस्त. आमसुलं मात्र घरूनच न्या. सुकी सुंगटं आणि नारळही नेता येतात: युरोपात मासळीचे पदार्थ स्वतःपुरते २० किलोपर्यंत चालतात आणि नारळाला रोगमुक्तीचा दाखला लागत नाही. तूप, पनीर, चोरीस सॉसेज आणि ताजी कढीपत्त्याची पानं विमानतळावर काढून घेतली जातात.

मेट्रोने शहराच्या मध्यात पोचायला वीसेक मिनिटं. टेन्स्टा स्थानक नुसतं पाहायलाही उतरावं. १९७५ मध्ये हेल्गा हेन्शेन या चित्रकर्तीने ते स्थलांतरितांना दिलेला गुलाब म्हणून रंगवलं. भिंतींवर फुलं, पक्षी आणि एकजुटीचे शब्द अनेक भाषांत. वरच्या बाजारसंकुलाखाली टेन्स्टा कला-दालन आहे, १९९८ पासूनचं. किस्ता मात्र निळ्या मार्गाच्या दुसऱ्या फाट्यावर आहे, हे नकाशा नीट न पाहणाऱ्यांना उशिरा कळतं. मेट्रोने जायचं तर व्हेस्त्रा स्कोगेनपर्यंत मागे जाऊन बदलावं लागतं; त्यापेक्षा थेट बस किंवा यार्वाच्या कुरणातून सायकल. पायी आणि सायकलच्या वाटा मोटारींच्या रस्त्यांपासून पूर्ण वेगळ्या आहेत. साठच्या दशकातली ही कल्पना मुलांसाठी फार चांगली ठरली, शाळेत जाताना मोटाररस्ता ओलांडावा लागत नाही. उलट बाजू अशी की रात्री त्या वाटा आणि पुलाखालचे बोगदे ओस पडतात.

सुरक्षिततेबद्दल सरळ बोलायला हवं. स्वीडिश पोलीस २०१५ पासून गुन्हेगारी टोळ्यांचा प्रभाव असलेल्या भागांची यादी काढतात आणि रिंकेबी-टेन्स्टा पहिल्या यादीपासून सर्वांत वरच्या गटात आहे. गोळीबार होतात, त्यात तरुण मुलं मरतात, आणि तिथल्या आयांना त्याची रोज धास्ती असते. ही हिंसा मुख्यतः टोळ्यांच्या आपसातल्या वैरातून आणि अमली पदार्थांच्या धंद्यातून होते. वाटेने जाणारा भाडेकरू हे तिचं लक्ष्य नसतं, पण धोका शून्यही नाही. रात्री उशिरा परतायचं काम असेल तर स्थानकाजवळची, रस्त्याकडे दार असलेली इमारत निवडा. तळमजला आणि तळघरातली कोठी चोरीला सोपी पडते, पासपोर्ट तिथे ठेवू नका.

त्याच वेळी हेही खरं की १९८८ पासून रिंकेबीतली शाळकरी मुलं साहित्याच्या नोबेल विजेत्यांचा अभ्यास करून त्यावर पुस्तिका करत आली आहेत, आणि कित्येक विजेते भाषण झाल्यावर त्यांना भेटायला तिथे गेले आहेत. वस्ती निवडताना दोन्ही गोष्टी तराजूत घाला.

आता करार. मुंडकार कायदा माहीत असलेल्या गोवेकराला भाडेकरूच्या संरक्षणाचं महत्त्व सांगायला नको. स्वीडनमध्ये थेट मालकाकडून घर मिळालेल्या भाडेकरूला मजबूत संरक्षण आहे. पण ते घर शहराच्या रांगेतून मिळतं आणि त्याला वर्षं लागतात. तुम्हाला मिळेल ते बहुधा दुसऱ्या हाताचं, म्हणजे मूळ भाडेकरूकडून. तेव्हा आधी इमारतीच्या मालकाची लेखी परवानगी पाहा. ती नसेल तर मूळ भाडेकरूचाच करार रद्द होऊ शकतो आणि त्याच्याबरोबर तुम्ही रस्त्यावर. मग मूळ भाड्याची पावती मागा. ऑक्टोबर २०१९ पासून भाड्याने घेतलेलं घर पुढे दुसऱ्याला देऊन नफा कमावणं गुन्हा आहे. सामानासकट दिलं तर फार तर १५ टक्के जास्त घेता येतात. जास्तीचे पैसे भाडे-न्यायमंडळाकडून परत मागता येतात. करार विकत घेण्यासाठी 'काळे' पैसे मागितले तर उठून या, कारण देणाराही गुन्हेगार ठरतो.

'पत्ता नोंदवू नका' म्हणणाऱ्याचं घर घेऊ नका. राहता त्या पत्त्यावर करखात्यात नोंद करणं कायद्याने लागतं; त्याशिवाय ओळख क्रमांक, बँक खातं, दवाखाना सगळंच अडतं. फ्लॅट मूळ भाडेकरूकडून घेतला असेल तर सोडताना साधारण तीन महिन्यांची सूचना, एखाद्याच्या मालकीचा फ्लॅट खाजगी भाड्याने घेतला असेल तर भाडेकरूला एक महिना पुरतो. किल्ली घेताना प्रत्येक खोलीचे, झडपांचे, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यांचे आणि टबाखालच्या मोरीचे तारखेसह फोटो काढा, दोघांच्या सह्यांचा कागद करा, आणि अनामत रोख न देता बँकेतूनच भरा.